हलकं पाणी

आमच्या गावात चमेलीचा वास कुणाला येत नसे. बाहेरची माणसं बसमधून उतरली की डोळे मिटून छाती भरून श्वास घ्यायची आणि आम्ही त्यांच्याकडे बघून हसायचो. उन्हाळा सुरू झाल्यापासून कापूस विकून होईपर्यंत आम्ही त्या वासातच झोपायचो, उठायचो, भाकरी भाजायचो. उशीला तोच वास, पोरांच्या केसांना तोच. नाकाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

कारखाना गावाच्या टोकाला, कालव्यालगत होता. बायका उजाडण्याआधी फुलं खुडायच्या आणि ऊन चढायच्या आत टोपल्या कारखान्याच्या काट्यावर यायच्या. मी आत पिंपांवर होते. जाळीच्या ताटांवर फुलं पसरायची, ताटं एकावर एक रचून माणूसभर उंचीच्या पिंपात उतरवायची, झाकण आवळायचं. मग वरून हेक्सेन सोडायचं. ते फुलांमधला सगळा वास आपल्यात ओढून घ्यायचं. पुढे वाफेच्या उबेवर ते उडवून, थंड करून परत गोळा करायचं, आणि तळाशी उरायचं केशरी रंगाचं मऊ मेण. ते मेण डब्यांत भरून फ्रान्सला जायचं. आम्हाला त्या मेणाचं फारसं कौतुक नव्हतं. हाताला चिकटलं की निघायचं नाही, एवढंच.

हेक्सेन हा शब्द ऑफिसातल्या माणसांच्या तोंडी. आम्ही त्याला हलकं पाणी म्हणायचो. दिसायला पाणीच. तळहातावर घेतलं तर झऱ्यासारखं गार, आणि बघता बघता नाहीसं. नव्या पिंपातलं हलकं पाणी रॉकेलच्या भावकीतलं वाटायचं, नाकाला लगेच कळायचं. पण फुलांमधून हंगामभर फिरून फिरून आलेलं जुनं पाणी चमेलीसारखंच दरवळायचं. घोळ तिथे होता. ज्या वस्तूला नवरीच्या केसांसारखा वास येतो, तिला भ्यायचं कसं?

ही भीती आमच्यात घालायचं काम उस्ता बयूमीकडे होतं. तो हलक्या पाण्याच्या कोठाराचा रखवालदार; कसबी माणसाला आम्ही मानाने उस्ता म्हणतो. कोठार कारखान्यापासून लांब, झाऊच्या झाडांपलीकडे, एकटंच उभं होतं. छताला पांढरा चुना, भिंतींना अगदी जमिनीलगत विटांची भोकं, दाराशी वाळूच्या बादल्या. आत जायचं तर बांगड्या, पैंजण, कमरेची किल्ली सगळं बाहेरच्या खुंटीवर. खिळे मारलेले जोडे बाहेर. पिंपं उघडायचे बयूमीचे पाने पितळेचे होते, हातोडीसुद्धा पितळेची, कारण लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी उडते. एका पिंपातून दुसऱ्यात ओतायच्या आधी तो दोन्ही पिंपांना तांब्याची तार अडकवायचा आणि तारेचं टोक जमिनीत पुरलेल्या सळईला. आम्ही विचारायचो, "उस्ता, पिंपं पळून जातात का, बांधून ठेवता?" तो म्हणायचा, "ओतताना ह्याच्या अंगात वीज भरते गं. ती जमिनीत गेलेली बरी. तुझ्यात किंवा माझ्यात नको."

बिडी-सिगारेटचा माणूस होता तो एकेकाळी. कोठार हाती आल्यापासून त्याने ती सोडली आणि तिर्मिस खायला लागला. ते पिवळे, भिजवलेले, खारट दाणे दिवसभर त्याच्या खिशात ओले असायचे आणि सालं तो थुंकत चालायचा. चहासुद्धा घरून बाटलीत आणायचा, गार झालेला. "थंड चहा पिणारा आख्ख्या मुलखात मी एकटा," असं तो सांगायचा, जणू कुणी पदक दिलंय.

हंगामाच्या पहिल्या दिवशी तो आम्हा सगळ्यांना, खुडणाऱ्या बायकांनासुद्धा, कालव्याकाठच्या मोकळ्या मातीवर बोलवायचा. पत्र्याची एक लांब पन्हळ तिरकी लावायचा. खालच्या टोकाशी एक मेणबत्ती पेटवून ठेवायचा. मग वरच्या टोकाला चमचाभर हलकं पाणी टाकलेला बोळा ठेवायचा आणि मागे सरून हाताची घडी घालून उभा राहायचा. काही व्हायचं नाही. बायका कुजबुजायला लागायच्या, कुणीतरी म्हणायची, "उस्ता, मेणबत्ती तरी आमच्या घरी द्या, वाया चाललीये." आणि तेवढ्यात खालच्या ज्योतीपासून एक निळी झुळूक पन्हळीतून सरसर वर चढायची आणि बोळा भपकन पेटायचा. पोरी किंचाळायच्या.

"आग पाण्याकडे गेली," बयूमी म्हणायचा. "पाणी आगीकडे गेलं नव्हतं. ह्याची वाफ हवेपेक्षा जड असते. वर जात नाही, धुरासारखी दिसत नाही. जमिनीवरून मांजरासारखी चालत जाते आणि दिवा शोधते. नाकाला वर वास आला नाही म्हणून खाली नाही असं समजू नका."

आम्ही हे ऐकायचो, मान हलवायचो, आणि घरी जायचो. घरी पाण्याच्या रांजणाखाली, गारव्याला, प्रत्येकीची एक बाटली असायची.

खरंच असायची. ताटं धुतल्यावर उरलेलं हलकं पाणी पत्र्याच्या डब्यातून बयूमीकडे परत द्यायचं असा नियम होता. पण फुलांचा चोथा जनावरांसाठी घरी न्यायला परवानगी होती, आणि चोथ्याच्या टोपलीत सरबताची एक बाटली सहज मावते. तेलाचा डाग, मेणाचा डाग, मोलुखियाच्या पाल्याचा हिरवा रस्सा सांडलेला, काहीही असो, हलक्या पाण्याने पुसलं की कापड नव्यासारखं. शिवाय चमेलीचा वास फुकट. लग्नाकार्याच्या दिवशी घरातले चांगले कपडे त्यात खळबळून काढायचे ही आमच्या गावाची रीतच होऊन बसली होती. शहरातल्या बायका अत्तर विकत घेतात, आम्ही परातभर अत्तरात कपडे धुतो, असा आमचा तोरा.

माझी धाकटी बहीण वहीबा. तिचं लग्न कापूस विकल्यावर करायचं ठरलं, शेजारच्या वस्तीतल्या रुश्दीशी. ते ठरायच्या आधी एक मोडलं होतं. आधीच्या मुलाकडची माणसं वेळेआधी येऊन थडकली, अंगण झाडायचं होतं, आणि आमच्या आईने त्यांना दारात थोडं थांबायला सांगितलं. बस, तेवढ्यावर बिनसलं. "आम्हाला भिकाऱ्यासारखं दारात उभं केलं," असं त्यांनी गावभर सांगितलं आणि शब्द परत घेतला. वहीबाचं वय काही फार नव्हतं, पण मोडलेल्या लग्नाची पोर म्हटली की लोक तिच्याकडे तडा गेलेल्या मडक्यासारखं बघतात. आई तेव्हापासून झोपेतसुद्धा अंगण झाडायची. रुश्दीच्या आईला, उम्म रुश्दीला, जिभेला धार होती हे सगळ्या मुलखाला माहीत होतं. आईने आम्हाला बजावून ठेवलं होतं, "या वेळी काही झालं तरी त्या बाईला दारात थांबवायचं नाही. घर जळत असलं तरी आधी आत घ्या, मग विझवा."

हे वाक्य ती सहज बोलली होती.

मेंदीच्या दिवशी मी कारखान्यातून अर्ध्या दिवसाने सुटायचं ठरवलं होतं, पण हंगामाची शेवटची फुलं आली होती आणि पिंपं अडली होती. सूर्य कलल्यावरच मी घरी निघाले. लांबूनच डफाचा आवाज यायला लागला. वस्तीकडून मेंदीची वरात निघाली होती. आमच्याकडे मेंदीचा मोठा गोळा परातीत ठेवून त्यात मेणबत्त्या खोचतात, त्या पेटवतात, आणि मुलाची आई ती परात डोक्यावर घेऊन नवरीच्या खोलीपर्यंत नेते. वाटेत एकही मेणबत्ती विझता कामा नये. विझली तर नवऱ्याचं आयुष्य तेवढं कमी, असं बायका मानायच्या. म्हणून ती बाई फार हळू चालते, आणि बाकीच्या गाणी म्हणत तिला वाऱ्यापासून घेरून असतात.

मी मागच्या दाराने घरात शिरले. स्वयंपाक शेजारच्या घरी चालला होता, बदकं तिथे शिजत होती, त्यामुळे आमची भट्टी सकाळीच विझलेली. घर शांत. आणि मला चमेलीचा वास आला.

तो मला यायला नको होता. माझ्या नाकाला तो वर्षानुवर्षं आला नव्हता. मी उंबरठ्याशी थबकले. नंतर, का ते न कळता, खाली वाकले. गुडघ्याच्या उंचीवर वास इतका दाट होता की घसा गोड झाला. मी सवयीने हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवल्या. मग खोलीचं दार उघडलं.

दोरीवर लग्नाचा पांढरा झगा, आईचा मखमली पोशाख, खालाचा, म्हणजे मावशीचा, काळा, आत्यांच्या ओढण्या, सगळं ओलं लटकत होतं. धूळ बसू नये म्हणून खिडकी घट्ट लावलेली. जमिनीवर परात, तिच्यात हलकं पाणी, उघडं. आणि कोपऱ्यात वहीबा गादीवर बसून स्वतःशीच खिदळत होती.

"तफीदा, माझं डोकं भिंगरीसारखं फिरतंय," ती म्हणाली. "लग्नात असंच होतं का गं?"

तिच्यामागे, शेजारच्या छोट्या खोलीत नबविया खाला, आईची धाकटी बहीण, पाहुण्यांच्या चहासाठी स्टोव्हला पंप मारत बसली होती. काड्यापेटी तिच्या मांडीवर.

"खाला," मी म्हटलं. आवाज वर नेला नाही. ओरडलं की माणूस हातातलं काम आधी उरकतो, हे मी कारखान्यात पाहिलं होतं. "खाला, ती काड्यापेटी मला दे."

"थांब, पेटवते आणि देते."

"नाही. आत्ता दे. माझ्या हातात."

"काय झालंय तुला? सिगारेट ओढायला लागलीस की काय कारखान्यात?" पण दिली. मी ती ओढणीच्या गाठीत बांधली.

"हे किती ओतलंस?"

"सगळी बाटली. आणि तुझ्या आईची पण. अगं, सकाळी बदकात मसाला भरता भरता पोरीला बघितलं झग्यात, राहवलं नाही, मिठी मारली. चरबीचे दोन्ही हात पाठीवर उमटले. आता बघ, डाग शोधून दाखव!"

"खाला, बयूमीची पन्हळ आठवते?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग परातीकडे, मग माझ्या गाठीकडे. गल्लीतून डफाचा आवाज जवळ आला. आणि तिच्या तोंडून फक्त एवढंच निघालं, "मेणबत्त्या."

मी वहीबाला हाताला धरून मागच्या दाराने उघड्यावर, वारा येत होता त्या अंगाला नेऊन बसवलं. खालाने खिडकी उघडली, दारं उघडली. परातीवर मी दुसरी परात पालथी घातली, दोघींनी ती न हिंदकळू देता शेतात लांब नेऊन ठेवली. कपडे मोळीसारखे उचलून खाला बाहेरच्या जिन्याने गच्चीवर गेली, पसरायला. पण खोली वाफेने भरलेलीच होती. ती रिकामी व्हायला वेळ हवा होता, आणि गाणं आता कोपऱ्यावर ऐकू येत होतं. जमिनीवरून चालणारी ती वाफ पुढच्या उंबरठ्याबाहेर गल्लीत किती पोहोचली असेल, कुणाला दिसणार?

आई पुढच्या दारात नटून उभी होती, हातात गुलाबपाण्याची सुरई. मी तिच्या बाजूने बाहेर निघाले.

"कुठे निघालीस बांगड्यांशिवाय? अपशकुनी!"

"यम्मा, दिवा लावू नकोस. कुणाला लावू देऊ नकोस. मी त्यांना थांबवते."

"थांबवतेस?" आईचा चेहरा पांढरा पडला. "दारात थांबवतेस? तफीदा, तुझ्या बहिणीचं..."

"दारात नाही. त्याच्याही आधी."

वरात कोपऱ्यावरच्या पाणपोईशी आली होती. उम्म रुश्दी मधोमध, मान ताठ, डोक्यावर परात, परातीत सगळ्या मेणबत्त्या तेवत होत्या. तिच्या कपाळावर मेणाचा एक थेंब ओघळून वाळला होता. तरी ती हात लावत नव्हती. मी जाऊन तिच्यासमोर उभी राहिले, तिचा हात धरून ओठांना लावला. गाणं विस्कटलं, डफ थांबला.

"खाला," मी म्हटलं, तिलाही मानाने तसंच म्हणायचे, "पुढे नका येऊ."

तिची मान हलली नाही, फक्त डोळे खाली आले. "का गं? अंगण झाडायचं राहिलंय का?"

मागच्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, "झाडू आणला असता बरोबर!" ती गोष्ट त्या वस्तीपर्यंतही पोहोचली होती तर. मी उम्म रुश्दीच्या कानाशी गेले. मेणबत्त्यांची ऊब माझ्या गालाला लागत होती.

"घरात हलकं पाणी उघडं होतं. कपडे धुतलेत. खोली बंद होती, जमिनीपासून भरलीये."

मला वाटलं तिला समजलंच नाही. तीही आमच्याच फुलांवर खुडायला यायची, पण हंगामाच्या पहिल्या दिवशी किती बायका लक्ष देऊन ऐकतात?

"किती?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"दोन बाटल्या."

"पोरगी?"

"बाहेर काढलीये. मागे बसलीये."

"आणि ह्या मेणबत्त्या विझवायच्या नाहीत मला," ती हळूच म्हणाली. "माझा एकच मुलगा आहे, तफीदा."

"विझवू नका. फक्त तिकडे नेऊ नका."

तिने दीर्घ श्वास घेतला, बहुतेक वास येतो का बघायला. मग ती सगळी परात सांभाळत, पाय न उचलता, जागच्या जागी वळली आणि अशा आवाजात बोलली की गल्लीच्या दोन्ही टोकांना जावं.

"बायांनो! रुश्दी लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा मी नवस केला होता. ह्याच्या नवरीला मेंदी लावीन तर छताखाली नाही, कालव्याच्या उंबराखाली, मोकळ्या आभाळात लावीन. आत्ता दाराशी येता येता आठवलं. देवाने आठवण दिली. चला!"

"पण उम्म रुश्दी, हे कधी बोलली नाहीस," तिची नणंद म्हणाली.

"तुला सगळं सांगते का मी? तुझ्या नवऱ्याचे जोडे कुठे हरवले ते तरी सांगितलं का?"

हशा पिकला, कुणीतरी जिभेने लांब ललकारी दिली, तिच्यामागे सगळ्यांनी, आणि वरात कालव्याकडे वळली. आई सुरई घेऊन दारातच खिळली होती. मी तिला खूण केली, चटया घे. तिला काही समजलं नव्हतं, पण पाहुणे दारात थांबले नाहीत एवढं समजलं होतं. ती चटया घेऊन अनवाणी धावली.

उंबराखाली वहीबाला बसवलं. मोकळ्या हवेत तिचं खिदळणं थांबलं, पण डोकं दुखत होतं, आणि बायकांना वाटलं माहेर सुटणार म्हणून पोर गंभीर झाली. मेंदी लागली. मेणबत्त्या शेवटपर्यंत, मेंदीत बुडेपर्यंत जळल्या. उम्म रुश्दीने शेवटच्या ज्योतीकडे बघितलं तेव्हा कुठे तिने कपाळावरचा मेणाचा थेंब नखाने खरवडला.

निघताना तिने मला बाजूला ओढलं. मला वाटलं आता ऐकवणार.

"माझ्याही घरी आहे एक," ती म्हणाली. "रांजणाखाली. आणि रांजणाच्या बरोबर वर दिव्याची फळी." मग आवाज खाली आणून, "ते ओतून द्यायचं कुठे? कालव्यात?"

"कालव्यात नाही. उस्ता परत घेतो."

"विचारेल ना, आणलं कुठून?"

"माहीत नाही, खाला."

दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, ती कोठाराच्या वाटेवर शाल पांघरून आली. शालीखाली बाटली. लग्नाच्या दिवशी मुलाच्या आईला शेकडो कामं असतात, तरी आली. माझ्या हातात झाकलेली परात होती. नबविया खाला रिकामीच होती, पण तिला राहवलं नसावं. आणि आमच्या मागे, कुणी कुणाला सांगितलं देव जाणे, गावातल्या बायका एकेक करून यायला लागल्या, प्रत्येकीची टोपली फडक्याने झाकलेली, प्रत्येकीचा चेहरा असा की जणू इकडे सहज फिरायला आलो.

बयूमी तिर्मिस चघळत दारात उभा होता. त्याने रांग बघितली. तोंडातलं साल थुंकलं. काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "बांगड्या खुंटीवर." मग पिंपाला तार अडकवली, तारेचं टोक सळईला लावलं, आणि एकेक बाटली घेऊन तांब्याच्या नरसाळ्यातून सावकाश ओतायला लागला. एका बाटलीपाशी तो थबकला, हुंगली, परत केली.

"हा सिरका आहे, बाई, लोणच्याचा. मुळ्यावर घाल."

ती बाई लाल झाली, आणि मग आम्ही सगळ्याच हसलो, कोठाराच्या दारात, जिथे मोठ्याने बोलायचीसुद्धा आम्हाला सवय नव्हती. बयूमीसुद्धा हसला असेल. त्याच्या गालात दाणे असायचे, त्यामुळे कळायचं नाही. त्या दिवसापासून त्याने ताटं धुणाऱ्या बायकांसाठी साबण आणि सोड्याची पुडी मागवून घेतली. कपड्यांचे डाग त्यानेही जायचे, थोडे हात दुखायचे इतकंच.

वहीबाच्या झग्याच्या पाठीवर डाग दिसला नाही. झगा रात्रभर गच्चीवर वाऱ्यात होता, त्याला चमेलीचाही वास उरला नव्हता. नुसता उन्हाचा आणि कापसाच्या काडीचा.

आता तो कारखाना खूप बदलला आहे. भिंतीवर लाल अक्षरांत सूचना आहेत, वास ओळखणारी यंत्रं आहेत म्हणे, कोठार अजूनही झाऊपलीकडे एकटंच आहे. बयूमी जाऊन फार काळ लोटला. उम्म रुश्दीही गेली, वहीबाच्या मांडीवर डोकं ठेवून. वहीबा आणि मी उरलो, दोघींचे गुडघे सारखेच दुखतात.

पण उंबराखालची मेंदी राहिली. रुश्दीच्या लग्नानंतर पुढच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, उम्म रुश्दीच्या सुनेला लाभलं, आपणही तिथेच लावू. मग तीच रीत झाली. गेल्या वर्षी वहीबाच्या नातीच्या पोरीची मेंदी होती. फांद्यांवर विजेच्या माळा होत्या, मेणबत्त्या आता बॅटरीच्या मिळतात. शहरातून आलेली एक सून चटईवर आमच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, हा नवस कुठल्या शेखाचा? त्यांची कबर इथे जवळच आहे का?"

वहीबाने माझ्याकडे पाहिलं. मग ओढणीच्या टोकाने तोंड पुसत तिने त्या मुलीला सांगितलं, "होता एक. थंड चहा प्यायचा आणि तिर्मिस खायचा."